डब्यात उंदीर चालणार नाही

आमच्या रानात एक डबा उभा आहे. चार चाकं, पत्र्याच्या भिंती, दोन खिडक्या आणि दाराला लोखंडी पायरी. रस्त्याचं काम करणाऱ्या कुणा कंत्राटदाराचं हे फिरतं ऑफिस होतं. युसूफ वडगावकडचा रस्ता झाला, ऑफिसची गरज संपली, आणि पुण्यातल्या माझ्या धाकट्या भावाने ते घेऊन, ट्रॅक्टरला जोडून आमच्या शेतात आणून सोडलं. तो त्याला कॅरव्हॅन म्हणतो. गाव डबा म्हणतं. मीही डबाच म्हणते, कारण कॅरव्हॅनमधून लोक फिरायला जातात, आणि मी त्यात सबंध हिवाळा उंदरांच्या नावाने बोटं मोडत काढला.

डबा घेतला अण्णांसाठी. अण्णा म्हणजे आमचे वडील. वय ऐंशीच्या पुढे, कान ठणठणीत, स्वभाव त्याहून ठणठणीत. दिवाळी झाली की गावातलं घर सोडून रानात राहायला जायचं, ही त्यांची जन्माची सवय. ज्वारी गुडघ्याला आली की त्यांना घरात झोप लागत नाही. शेत आता बटईने दिलेलं आहे. राखण बटईदार करतो, पाणी तोच देतो, अण्णांनी करावं असं तिथं काही उरलेलं नाही. पण हे त्यांना सांगायला जावं तर ते आपल्याकडे असं बघतात, की आपणच काहीतरी वेडंवाकडं बोललो असं वाटावं.

मागच्या हिवाळ्यात ते आखाड्यावर, म्हणजे रानातल्या गोठ्याशेजारच्या खोपीत झोपत होते. अण्णांना साखरेचा जुना आजार आहे. त्याने पायांतली जाणीव पार गेली आहे. काटा रुतला तरी कळत नाही. एका सकाळी ते उठले, चप्पल घातली, तर चप्पल पायाला चिकटायला लागली. उंदराने उजव्या पायाचा अंगठा कुरतडला होता आणि हे आपले निवांत झोपले होते. पुढे दोन महिने अंबाजोगाईच्या चकरा आणि पट्ट्या. डॉक्टरांनी अंगठा वाचवला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "पुन्हा असं झालं तर अंगठ्यावर भागणार नाही. पाय काढावा लागेल."

त्याच वर्षी मी शाळेतून निवृत्त झाले. आयुष्यभर पोरांना विज्ञान शिकवलं. नवरा चार वर्षांपूर्वी गेला, मुलगी तिच्या संसारात, म्हणजे मोकळी मीच. भावाने डबा पाठवला आणि त्याबरोबर अण्णांना माझ्या गळ्यात टाकलं. मी म्हटलं, ठीक आहे, पण अट माझी. अण्णांना समोर बसवून सांगितलं, "डब्यात उंदीर चालणार नाही. एक जरी दिसला, तरी त्याच दिवशी गावात जायचं. पुन्हा रानाचं नाव काढायचं नाही."

अण्णांनी विचार केला. "एक बी?"

"एक बी."

"बरं," म्हणाले. इतक्या सहज अण्णा कशालाच बरं म्हणत नाहीत, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

मी कामाला लागले. दिवाळीपासून डबा बटईदाराच्या कडब्याच्या गंजीशेजारी उभा होता. तो तिथून हलवून रानाच्या मधल्या कठीण जागेवर आणला आणि चार दिवस मी त्याच्याखाली उताणी पडून भोकं शोधली. काय सांगू, त्या डब्याला पत्रा कमी आणि भोकं जास्त. वायरीचं भोक, गॅसच्या नळीचं भोक, बेसिनच्या पाइपाचं भोक, आणि कंत्राटदाराच्या माणसांनी कशासाठी पाडली हे देवालाच माहीत अशी आणखी नऊ. बोटाएवढ्या भोकातून उंदीर जातो, हे मी दरवर्षी सातवीला शिकवत होते. भांडी घासायच्या तारेच्या घासण्या आणल्या, त्या भोकांत कोंबल्या, वरून एम-सील लावलं. दाराखाली पत्र्याची पट्टी ठोकली. खिडक्यांना जाळी. चाकं अधांतरी राहतील असा डबा टेकूंवर उचलून घेतला, आणि तेलाचे डबे कापून त्यांचे गोल पत्रे त्या टेकूंना घातले, म्हणजे वर चढणारा उंदीर घसरावा. बटईदाराची बायको रोज येऊन पदर तोंडाला लावून हे बघायची.

"बाई, उंदरासाठी एवढं?" ती म्हणाली. "आमी तर त्याच्याशेजारीच झोपतो."

"तुमचे पाय जागे आहेत," मी म्हटलं.

पाचव्या दिवशी मी डब्याच्या मधोमध उभी राहिले आणि जाहीर केलं, की आता ह्यात मुंगीसुद्धा शिरणार नाही. अण्णा खाटेवर बसून शेंगा फोडत होते. "शाबास," म्हणाले. शेंगांची टरफलं मात्र खाली टाकली नाहीत, मुठीत धरून बाहेर नेऊन टाकली. मला वाटलं, चला, माझ्या धाकाचा उपयोग होतोय.

धाकट्याचं मात्र समाधान होईना. तो पुण्यात बसून रोज नवा उपाय बघायचा आणि मला फोन करायचा. "अक्का, पेपरमिंटचं तेल लाव." मी लावलं. दोन दिवस आम्ही दोघं पानाच्या टपरीत राहिल्यासारखे वास मारत होतो. "अक्का, डांबरगोळ्या ठेव." ठेवल्या. अण्णांचं जेवण त्या वासाने कमी झालं. मग त्याने कुरियरने एक यंत्र पाठवलं. भिंतीतल्या पिनेला लावायचं, माणसाला ऐकू न येणारा आवाज काढतं आणि उंदीर पळतात म्हणे. आता रानातली लाईट म्हणजे एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, आणि मधेच तीही गायब. मी त्याला म्हटलं, "तुझ्या यंत्राला आधी लाईटचं टाइमटेबल पाठ करायला सांग." तो म्हणाला, "अक्का, तू निगेटिव्ह बोलतेस." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. हा कॉफी पिता पिता सल्ले देतो आणि मी इथं टेकूखाली माती खाते.

चिकट पुठ्ठा ठेवला, त्यावर अण्णांची चप्पल अडकली. मांजर आणलं, ते अण्णांच्या मांडीवर बसून दूध प्यायलं आणि तिसऱ्या दिवशी बटईदाराच्या घरी राहायला गेलं. विष मी ठेवणार नव्हते. रानात घुबडं आहेत, बटईदाराचं कुत्रं आहे. शेवटी खबरदारी म्हणून एक पिंजरा ठेवला. रोज संध्याकाळी मी त्यात भाकरीचा तुकडा अडकवून दार उघडं करून ठेवायची. रोज सकाळी दार पडलेलं आणि पिंजरा रिकामा.

"वाऱ्यानं पडलं असंल," अण्णा म्हणायचे.

बंद डब्यात वारा कुठून आला, हा प्रश्न मला पडायला हवा होता. विज्ञान शिकवलं होतं ना मी. पण उंदीर दिसत नव्हता, लेंडी दिसत नव्हती, मग मी कशाला खोलात जाऊ? कधीमधी भिंतीकडेला थर्माकोलचे पांढरे कण सापडायचे. डब्याच्या भिंती आतून प्लायवूडच्या, बाहेरून पत्र्याच्या, आणि मधे थर्माकोल. अण्णा म्हणाले, जुना माल हाय, झडतो. मला ते पटलं.

उलट, मला तर अण्णांचं कौतुक वाटायला लागलं होतं. ज्या माणसाने जन्मात केरसुणी हातात धरली नाही, तो माणूस माझ्याआधी उठून सगळा डबा झाडून काढायला लागला. खाटेखाली, बेसिनखाली, कोपऱ्याकोपऱ्यात, वाकून वाकून. बटईदाराची बायको दूध द्यायला आली, तिने हे दारातून पाहिलं आणि दुधाचा तांब्या हातात तसाच धरून उभी राहिली.

"अण्णा झाडायलेत?"

"वयानं माणूस सुधारतो," मी ऐटीत म्हणाले.

दुसरी सुधारणा बुटांची. डॉक्टरांनी खास बूट दिले होते, ते अण्णांनी कधी घातले नाहीत. त्यावरून आमची रोज वादावादी. आणि आता हिवाळ्याच्या ऐन मध्यावर रोज सकाळी बघते तर अण्णांच्या पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट. पाणी द्यायच्या वेळी चिखलात घालायचे ते, बटईदाराने टाकून दिलेले. "रानात दव लई हाय," अण्णा म्हणाले. मी म्हटलं, असेनात का गमबूट, पाय झाकलेले आहेत ना. रोज संध्याकाळी मी बॅटरी घेऊन त्यांच्या पायाची दहाही बोटं तपासायची. उंदीर बोटंच खातो. बोटं स्वच्छ होती. मी धाकट्याला फोनवर सांगितलं, "तुझ्या यंत्राशिवाय जमवलं मी."

असे दिवस गेले आणि येळवस आली.

आमच्या भागात मार्गशीर्षातल्या अमावास्येला सगळं गाव रानात असतं. दारांना कुलपं आणि बैलगाड्या, मोटारसायकली, जीप सगळं शेताच्या वाटेला. रानात पाच दगडांचे पांडव असतात, त्यांना चुना लावायचा, त्यांच्यावर कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, पुढची जागा शेणाने सारवायची आणि नैवेद्य मांडायचा. भज्जी, म्हणजे शेंगा-पाल्याची मिसळभाजी, बाजरीचे उंडे, खीर, आणि मडक्यात आंबील. पूजा झाली की घरातल्या कर्त्या माणसाने अनवाणी रानाच्या चारी बाजूंनी फिरत पिकावर आंबील शिंपडायची. त्यानंतर जेवण.

आता अडचण अशी, की आमच्या रानातली ती एकमेव कठीण जागा म्हणजे पांडवांचीच जागा. डबा नेमका त्यांच्याशेजारी उभा. आदल्या दिवशी बटईदाराने कोप उभी केली आणि कडब्याची एक बाजू सरळ माझ्या डब्याला टेकवली. म्हणजे मी टेकूंना पत्रे घालून महिनाभर जो रस्ता बंद केला होता, त्याच्या बाजूला ह्याने जिना बांधून दिला.

"कोप जरा तिकडं सरकवा," मी म्हटलं.

"पांडव तिकडं हायेत का?" बटईदाराने विचारलं.

"मग पेंढ्या डब्याला टेकवू नका."

"मंग कशाला टेकवू, बाई? आभाळाला?"

मी अण्णांकडे बघितलं. अण्णा पांडवांना चुना लावण्यात गढून गेले होते. मी हात टेकले. एक दिवसाचा प्रश्न आहे, उद्या कोप उतरवली की पेंढ्या गोठ्यात, असं स्वतःला समजावलं आणि सकाळी उठून भज्जीला लागले.

दुपारी पूजा झाली. अण्णांनी धोतर खोचलं, पायातले गमबूट काढून डब्याच्या पायरीपाशी ठेवले आणि आंबिलीचं मडकं घेतलं. मी म्हटलं, "बटईदार फिरेल की. अनवाणी जाऊ नका." त्यांनी ऐकलंच नाही. सारवलेल्या जागेवरून चालत ते पांडवांपुढे गेले, वाकले, आणि वळून ज्वारीकडे निघाले. ज्वारी त्यांच्या खांद्याला लागत होती. आंबील उडवत, जुनी आरोळी देत ते बांधाबांधाने गेले, आणि खरं सांगते, क्षणभर मला त्यांचं वय दिसलं नाही.

मग मी नैवेद्याची ताटं उचलायला खाली वाकले. ओल्या सारवणावर अण्णांची पावलं उमटली होती. डावं पाऊल नुसतं. उजव्या पावलाच्या टाचेत लाल ठिपका. पुढच्या पावलात तसाच. त्याच्या पुढच्यातही.

उंदीर. आला शेवटी उंदीर. मी ताट टाकलं आणि ज्वारीत घुसले. अण्णांना तिसऱ्या कोपऱ्यावर गाठलं. मडक्यात अजून आंबील होती. "एक बाजू राहिली," ते म्हणाले. मी त्यांना बांधावर बसवलं आणि पाय मांडीवर घेतला. टाचेच्या मधोमध गोल भोक होतं, कडेची कातडी पांढरी पडून भिजलेली. दातांची खूण नव्हती. उंदीर असं खात नाही. आणि हे काही आजचं नव्हतं. आठ-दहा दिवसांचं तरी होतं. मी रोज बॅटरी लावून बोटं बघत होते. टाच एकदाही पाहिली नाही.

"उंदीर न्हाई ना?" अण्णांनी विचारलं.

"नाही."

"मंग झालं," म्हणाले आणि उठायला लागले.

बटईदाराला हाक मारून मी त्यांना उचलून डब्यापाशी आणायला लावलं. पायरीपाशी गमबूट होते. उजवा उचलून उलटा केला, आपटला. आतून एक हरभरा पडला. वाळलेला, टणक. इतके दिवस अण्णा तो दाणा टाचेखाली घेऊन वावरत होते.

"सकाळच्या दोन फेऱ्यांनी एवढं होत नाही," मी म्हटलं. "हे बूट किती वेळ घालता?"

अण्णांनी हरभरा उचलून चिमटीत धरला.

"अण्णा."

"झोपताना घालतो," ते म्हणाले. "तू झोपल्यावर. सकाळी उठतो तवा पायातच असत्यात."

"झोपताना? कशाला?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. डब्याच्या आतल्या भिंतीकडे बघितलं, तिथं, जिथं थर्माकोल झडायचं. मी पण बघितलं. मग मला केरसुणी आठवली. पिंजरा आठवला; ते दार रोज अण्णाच पाडत होते, सकाळी मला आत उंदीर सापडू नये म्हणून. शेंगांची टरफलं आठवली. आयुष्यभर शिकवलेलं सगळं विज्ञान एका दमात माझ्या डोक्यात आलं आणि मला इतका संताप आला, की अण्णांवर येतोय की स्वतःवर, हेही कळेना. ऐंशी वर्षांचा माणूस रोज पहाटे गुडघ्यावर बसून लेंड्या वेचत होता. कशासाठी, तर मी एक अट घातली होती.

बटईदाराने गावातून जीप बोलावली. येळवशीचं जेवण तसंच राहिलं. राहिलेल्या चौथ्या बाजूला बटईदाराच्या बायकोने आंबील शिंपली, कारण जीपमध्ये बसेपर्यंत अण्णांचा तोच एक धोशा होता.

अंबाजोगाईला डॉक्टरांनी जखम धुतली, आत सळई घालून बघितली, हाडाचा फोटो काढला. मी बाहेर बाकड्यावर बसून होते. धाकट्याचा फोन आला, तो म्हणाला, "अक्का, मी आधीच म्हणत होतो," आणि मी फोन बंद केला. डॉक्टर बाहेर आले. हाडापर्यंत गेलेलं नाही. आणखी एक आठवडा गेला असता तर गेलं असतं. पाय राहील, पण दोन महिने टाच जमिनीला टेकवायची नाही.

परत येताना अण्णा जीपच्या मागच्या सीटवर आडवे होते. पट्टी बांधलेला पाय माझ्या मांडीवर. केजच्या पुढे आलो तेव्हा दोन्हीकडच्या रानांत येळवशीची माणसं अजून बसलेली दिसत होती. अण्णा उठून बसायचा प्रयत्न करत खिडकीतून बघत होते.

"आता गावात न्यायलीस?" त्यांनी विचारलं.

मनात म्हटलं, न्यायलाच पाहिजे. अट मोडली होती, तीही दीड महिना रोज. गावात नेलं असतं तर कुणी मला चूक म्हटलं नसतं, डॉक्टर तर नाहीच. पण मग ते तिथं काय लपवतील, हे मला कळत नव्हतं, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. आपल्या धाकाने माणूस सुधारला म्हणून मी महिनाभर मिरवत होते.

"नाही," मी म्हटलं. "डब्यातच जायचं. अट रद्द. पण इथून पुढं काही दिसलं, काही झालं, की मला सांगायचं. उंदीर, जखम, काहीही. मी ओरडेन, पण तुम्हाला कुठंही नेणार नाही."

"खरंच?"

"खरंच."

अण्णांनी माझा हात चाचपून धरला.

"मंग ऐक, माय. दोन व्हते. गंजीपाशी डबा व्हता तवाच आत शिरलते. तू भोकं बुजवायलीस तवा भिंतीत आवाज यायलता, पर तू लई मन लावून बुजवायलीस, म्या काय बोलू?"

"दोन होते?"

"व्हते," अण्णा म्हणाले. "आता तुझ्या खाटेखाली पिलं हायेत. ती म्या अजून मोजली न्हाईत."